आजाचें नांव, नातवाचें मुख

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पेण आणि नागोठणें मागें टाकून सुकेळीची खिंड उतरला, म्हणजे कुंडलिकेच्या कांठीं कोलाड लागतें. रोहें तालुक्यांतील हें गांव वाटसरूंच्या ध्यानांत राहतें तें नदीमुळें आणि नाक्यामुळें. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव क्वचितच आढळेल. परंतु याच नाक्यावरून दक्षिणेस निघालेला प्रवासी इंदापूर, माणगांव या वाटेनें पुढें जातो, तेव्हां त्याच्या दोहों बाजूंस, फार दूर नव्हे, महाराष्ट्राच्या इतिहासांतील तीन घरें असतात. एक रायगडाच्या पायथ्याशीं पाचाडास, दुसरें माणगांवाजवळ गांगवलीस आणि तिसरें समुद्रकांठीं श्रीवर्धनास. पहिल्या घरांत एका आजीनें आपल्या नातवाच्या सहवासांत अखेरचे दिवस घालविले. दुसऱ्या घरीं एक नातू जन्मास आला, परंतु त्याच्या आजोबांना जाऊन तेव्हां दोन वर्षें उलटलीं होतीं. तिसऱ्या घरच्या आजोबांचें नातवाचें मुख पाहणें अवघ्या आठ महिन्यांनीं हुकलें. जो जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई व आतां रायगड म्हणून ओळखला जातो, त्या जिल्ह्यांतील या घरांकडे लढायांच्या आणि तहांच्या दृष्टीनें पुष्कळांनीं पाहिलें आहे. पाळण्याच्या बाजूनें पाहणारे थोडे.

कोंकणांतील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांतील रीत अशी कीं, पहिलटकरणीनें बाळंतपणास माहेरीं यावयाचें. मुलगी मुंबईस दिलेली असो कीं शेजारच्या गांवीं, नव्या जीवाचा पहिला टाहो बहुधा आजोळच्या माणसांनाच ऐकूं येतो. कोलाड-रोह्याकडच्या घरांत त्याच्या आधींच आजीची गडबड सुरू होते. तिचीं जुनीं, धुऊन धुऊन मऊ झालेलीं लुगडीं पेटींतून बाहेर निघतात व थरावर थर घालून त्यांचीं दुपटीं आणि गोधड्या शिवल्या जातात. नवें कापड बाळाच्या अंगास बोचतें, हें तिचें शास्त्र. अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशेपा यांच्या पुड्या बांधल्या जातात. घुटीची सहाण धुऊन ठेवली जाते. हळकुंडाचे, मुरडशेंगेचे, वेखंडाचे किती वेढे उगाळावयाचे तें आजीच्या बोटांना पाठ असतें. आतां बाळंतपण इस्पितळांत होतें आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून मुलास दुसरें कांहींच देऊं नये, असें आजचें वैद्यक सांगतें. त्यामुळें सहाणेला पूर्वींचा मान राहिला नाहीं. गोधडीचा मान मात्र कोणीं काढून घेतलेला नाहीं. थोरल्या बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजीं सिन्नरजवळ डुबेरें येथें झाला, तो याच रीतीमुळें. डुबेरें हें त्यांच्या मातोश्री राधाबाई यांचें माहेर, बर्व्यांचें घर. ज्या वीराच्या घोड्याचे टाप पुढें माळव्यांत आणि दिल्लीच्या वेशीवर ऐकूं आले, तो पहिल्यानें रडला तो आजोळच्या माजघरांत.

आजाची गोष्ट आजीहून निराळी. जुन्या एकत्र कुटुंबांत तरुण बापानें वडीलधाऱ्यांदेखत आपलें मूल उचलून घेणें मर्यादेस सोडून मानीत. मूल ओसरीवर रांगत आलें तर बाप दुसरीकडे पाही. रडूं लागलें तर चुलता उचली, आत्या उचली, बाप उचलीत नसे. रात्रीं सर्वत्र निजानीज झाल्यावर दिव्याच्या मंद उजेडांत तो निजलेल्या पोराचें तोंड न्याहाळी, एवढीच काय ती त्याची चैन. हाच मनुष्य यथाकाल आजा झाला, म्हणजे घरांत त्याच्याहून वडील असें कोणी बहुधा उरलेलें नसे. मग तो भर ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसे, त्याच्याकडून आपल्या मिशा ओढवून घेई, आणि कोणीं पाहिलें तरी त्यास लाज वाटत नसे. दुधापेक्षां दुधावरची साय गोड, असें आपल्याकडे म्हणतात. साय धरण्यास दूध आधीं तापावें लागतें आणि मग निवावें लागतें, हें म्हणणाऱ्यांच्या ध्यानांत असतेंच असें नाहीं. मुलाच्या वेळीं संकोचानें, कामानें किंवा परमुलखांतील चाकरीनें जें सुख घेतां आलें नाहीं, तें नातवाच्या वेळीं घ्यावयाचें, असा हा व्यवहार होता.

तो पुष्कळांचा पुरा होत नसे. स्वातंत्र्याच्या सुमारासहि भारतांतील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें, आणि तें इतकें खालीं असण्याचें एक मोठें कारण म्हणजे अर्भकांचे मृत्यु. म्हणून आपल्या जुन्या घरांतून जन्माचा आनंद एकदम उधळीत नसत. पांचव्या रात्रीं सटवी येऊन मुलाच्या कपाळीं लेख लिहिते, या समजुतीनें ती रात्र जागून काढीत. बाराव्या दिवसापर्यंत मुलाला नांव देत नसत. कोणी मूल गोड आहे म्हणालें, कीं आजी घाईघाईनें त्याच्या गालाला काजळाची तीट लावी. ज्या घरीं आधींचीं मुलें दगावलीं असत, तेथें दगडू, धोंडू, केरोबा अशीं नांवें ठेवून मृत्यूची दिशाभूल करूं पाहत. हें सारें अज्ञान म्हणून हंसण्यासारखें आहे खरें. परंतु ज्यांनीं तें केलें त्यांनीं एकेका पाळण्याची दोरी हातांत धरून किती रात्री काढल्या असतील, याचा विचार मनांत आला म्हणजे हंसूं ओसरतें.

पाचाडच्या आजींनीं अशा रात्री काढल्या होत्या. जिजाबाईंचे थोरले चिरंजीव संभाजी हे कर्नाटकांत कनकगिरीच्या लढाईंत कामास आले. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १४ मे १६५७ रोजीं, पुरंदर किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई यांस पुत्र झाला व त्याचें नांव संभाजी ठेवण्यांत आलें. आजींचें वय तेव्हां साठीच्या घरांत होतें. रणांत हरपलेल्या लेकाचें नांव त्यांना पुन्हां हांक मारावयास मिळालें. सईबाईंची प्रकृति बाळंतपणानंतर सांवरली नाहीं. मुलाच्या दुधासाठीं कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ या दाईची योजना करावी लागली. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर सईबाई वारल्या. बाळ सव्वादोन वर्षांचें होतें. पुढें दोन महिन्यांनीं, १० नोव्हेंबर रोजीं, प्रतापगडाखालीं अफझलखानाचें पारिपत्य झालें. तो प्रसंग शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असतो. परंतु त्या दोन महिन्यांत घरांत काय चाललें असेल? नुकतीच सून गेलेली, मुलगा जिवावरच्या भेटीस निघालेला, आणि आईला शोधणारें पोर आजीच्या पदराला धरून हिंडणारें. राज्याची काळजी आणि पोराची काळजी एकाच स्त्रीच्या अंगावर एकाच वेळीं पडली होती.

सात वर्षांनीं याहून कठीण काळ आला. ५ मार्च १६६६ रोजीं महाराज आग्र्यास निघाले ते संभाजीराजांना बरोबर घेऊन; मुलाला नववें वर्ष चालू होतें. मागें राज्याचा कारभार मातोश्रींच्या देखरेखीखालीं राहिला. आग्र्यास नजरकैद झाली, आणि १७ ऑगस्ट रोजीं महाराज तेथून निसटले. एवढ्या लहान मुलाला घेऊन वेषांतरानें शेंकडों कोसांची दौड करणें अशक्य, म्हणून संभाजीराजांना मथुरेस एका ब्राह्मण कुटुंबाच्या स्वाधीन करण्यांत आलें. महाराज गोसाव्याच्या वेषानें राजगडावर आले व त्यांनीं मातोश्रींच्या पायांवर मस्तक ठेविलें, असें बखरी सांगतात, आणि ती भेट त्या मोठ्या रसाळपणें वर्णितात. बखरकारांची लेखणी पुत्राच्या भेटीशींच थांबते. मुलगा परत आला होता. नातू आला नव्हता. शत्रूनें शोध सोडावा म्हणून मूल वाटेंत वारल्याची बातमी मुद्दाम पसरविण्यांत आली, असेंहि सांगतात. ती खोटी आहे हें ठाऊक असलेल्या आजीला देखील, तिच्याविषयीं दुखवट्याचे शब्द ऐकतांना कसें वाटलें असेल याची कल्पना कोणत्याहि आजीनें करावी. पुढें मथुरेच्या त्या मंडळींनीं संभाजीराजांना सुखरूप राजगडास आणून पोंचविलें.

२४ फेब्रुवारी १६७० रोजीं सोयराबाईंच्या पोटीं राजगडावर दुसरा नातू, राजाराम, जन्मला. तो पालथा उपजला, तेव्हां हा दिल्लीची पातशाही पालथी घालील असें महाराज म्हणाले, ही सभासदानें सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. राजधानी रायगडास गेल्यावर गडावरील वारा मातोश्रींस मानवेना, म्हणून खालीं पाचाडास त्यांच्यासाठीं वाडा बांधण्यांत आला. त्याचा तट आणि जोतीं अद्याप उभीं आहेत. आंत विहीर आहे, तिच्या कांठाला टेकून बसावयास दगडी तक्क्या आहे. ६ जून १६७४ रोजीं महाराजांना राज्याभिषेक झाला आणि संभाजीराजे युवराज म्हणून सिंहासनाजवळ बसले. सव्वादोन वर्षांचें असतांना ज्याला पदराखालीं घेतलें, तो सतरा वर्षांचा युवराज झालेला आजींनीं पाहिला. १७ जून रोजीं पाचाडच्या वाड्यांत त्यांचा अंत झाला. मधले दिवस अकरा.

खुद्द महाराजांच्या वांट्यास मुलाचें कोडकौतुक किती आलें? राजगडावर मुलगा वाढत होता आणि बाप कोंकणांत, सुरतेस, कर्नाटकांत. स्वतः त्यांचें बालपण असेंच गेलेलें. वडील शहाजीराजे कर्नाटकांत, आणि मूल आईजवळ पुण्यास. म्हणजे बापलेकांचा हा विरह त्या घराण्यांत दुसऱ्या पिढीस पोंचला होता. १६७८ मध्यें येसूबाईंना कन्या झाली, भवानीबाई. मुलगी म्हणून तिच्या जन्माची वार्ता बखरकारांना विशेष वाटली नाहीं. ही आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. नात झाली तें वर्ष तर घरांत कलहाचें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संभाजीराजे दिलेरखानाकडे निघून गेले आणि वर्षभरानें परत आले. पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली, आणि थोड्याच महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजीं, महाराज रायगडावर वारले. पन्नाशीचें वय, ओसरीवर बसून नातवंडें खेळविण्याचें वय नुकतें कोठें लागत होतें.

१८ मे १६८२ रोजीं माणगांवाजवळ गांगवली येथें येसूबाईंना पुत्र झाला. त्याचें नांव शिवाजी ठेविलें. आजा गेल्यानंतर घरांत जन्मलेल्या पहिल्या नातवास आजाचें नांव द्यावयाचें, ही जी रीत कोलाडच्या कुळवाड्यापासून सातारच्या छत्रपतींपर्यंत सर्वांना सारखीच लागू, ती येथेंहि पाळली गेली. आजा परत आला, असें अशा वेळीं बायका म्हणतात. परंतु तें नांव मुलाजवळ टिकलें नाहीं. १६८९ मध्यें संभाजीराजांचा वध झाला, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रायगड पडला, आणि सात वर्षांचा हा नातू आईसह मोंगलांच्या छावणींत गेला. तेथें त्याचें शाहू हें नांव रूढ झालें. तें औरंगजेबानेंच ठेविलें अशी परंपरा आहे. बादशहाची कन्या झीनतउन्निसा हिनें या मायलेकरांचा सांभाळ आस्थेनें केला. ज्या आजानें बादशहाच्या हातावर तुरी दिल्या, त्याचा नातू त्याच बादशहाच्या डेऱ्याजवळ लहानाचा मोठा झाला. १७०७ मध्यें सुटका झाल्यावर शाहूराजांनीं खुलताबादेस औरंगजेबाच्या कबरीचें दर्शन घेतलें, असें इतिहासकार सांगतात. त्यावरून त्यांस दोष देणारे पुष्कळ निघाले. परंतु आजा कधीं पाहिला नाहीं आणि बाप सातव्या वर्षीं गेला, अशा पोराच्या मनांत वडीलधारें माणूस म्हणून कोणाची मूर्ति ठसली असेल, हें त्या टीकाकारांनीं पाहिलें नाहीं.

येसूबाई शाहूराजांबरोबर सुटल्या नाहींत. त्यांना दिल्लीहून सोडवून १७१९ मध्यें साताऱ्यास पोंचविण्याचें काम ज्यांनीं केलें, ते बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे भट. तीस वर्षांच्या बंदिवासानंतर एका आईला तिच्या मुलापाशीं आणून सोडणारा हा मुत्सद्दी पुढच्याच वर्षीं, एप्रिल १७२० मध्यें, सासवडास वारला. त्याच सालच्या डिसेंबरांत त्यांचे चिरंजीव बाजीराव यांस पहिला पुत्र झाला आणि त्याचें नांव आजाचेंच, बाळाजी. परंतु येथें आपल्या घरांतील एक मौजेची अडचण उभी राहते. सुनेनें सासऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं! मग सासऱ्याच्या नांवाच्या मुलाला आईनें हांक तरी काय मारावयाची? म्हणून अशा घरांतून मुलाला दुसरें एखादें नांव पडतें. आणि गंमत अशी कीं, तें बहुधा वडिलकीचेंच असतें. नाना, आबा, दादा, भाऊ, आप्पा. पाळण्यांतलें पोर हातपाय झाडीत असतें आणि घरांतील बायका त्याला नाना म्हणत असतात. बाळाजी बाजीराव इतिहासांत नानासाहेब म्हणूनच ओळखले जातात.

नातवाचें सुख आजोबांचें हुकलें तें राधाबाईंनीं भोगलें, आणि भोगलें हा शब्द येथें दोहों अर्थीं घ्यावा. ऑगस्ट १७३० मध्यें धाकट्या चिमाजीआप्पांस पुत्र झाला, सदाशिव. त्याची आई रखमाबाई महिन्याच्या आंतच वारली. दहा वर्षांनीं, १७४० मध्यें, बाजीराव आणि चिमाजीआप्पा दोघेहि गेले. पोटच्या दोन कर्त्या पुत्रांचीं मरणें एका वर्षांत पाहून राधाबाई मागें उरल्या, आणि आईबापांवेगळा तो दहा वर्षांचा नातू त्यांच्याजवळ राहिला. हेच पुढचे सदाशिवरावभाऊ. त्यानंतर नानासाहेबांना विश्वासराव झाले, माधवराव झाले, आणि राधाबाई पणजी झाल्या. पणतूचें मुख पाहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसावर सोन्याचीं फुलें उधळण्याची चाल आपल्याकडे आहे. ऐपत नसेल तेथें एकच फूल, तेंहि गुंजभर सोन्याचें. १७५३ मध्यें राधाबाई वारल्या. आठ वर्षांनीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं, भाऊसाहेब आणि विश्वासराव, म्हणजे त्यांचा नातू आणि पणतू, एकाच दिवशीं पानिपतावर पडले. तें पाहावयास त्या नव्हत्या.

पाहावयास होत्या विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई. पानिपतानंतर पांच महिन्यांनीं नानासाहेब गेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. पति आणि तीन पुत्र. घरांत पुरुष म्हणावयास कोणी उरलें नाहीं. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती, आणि साऱ्या मराठी राज्याचें लक्ष तिच्या बाळंतपणाकडे लागलें. तिला पुरंदरावर नेऊन ठेवण्यांत आलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें मुलगा झाला. त्याचें नांव काकांचें, माधवराव, आणि चाळीसाव्या दिवशीं त्याला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. ज्या किल्ल्यावर ११७ वर्षांपूर्वीं संभाजीराजांचा पाळणा हलला, त्याच किल्ल्यावर हा दुसरा पाळणा, आणि या मुलाची आईहि त्याचें वय अवघें तीन वर्षांचें असतां, १७७७ मध्यें, वारली.

परंतु जिजाबाईंप्रमाणें नातवाला मांडीवर घेऊन वाढविणें गोपिकाबाईंच्या नशिबीं नव्हतें. माधवरावांशीं बेबनाव झाल्यापासून त्या नाशिकजवळ गंगापुरास विरक्तपणें राहत होत्या. मूल कारभाऱ्यांच्या हातीं वाढलें. त्यांचा स्वभाव कठोर म्हणून इतिहासकारांनीं त्यांस पुष्कळ नांवें ठेविलीं आहेत, आणि त्यांतील कांहीं यथार्थहि असतील. मात्र सवाई माधवराव थोडे जाणते झाल्यावर आजीनें त्यांना लिहून पाठविलेली शिकवण उपलब्ध आहे. पहांटे उठावें, स्नानसंध्या करावी, लेखनवाचन चुकवूं नये, दिवसाच्या कोणत्या वेळीं काय करावें, कोणाशीं कसें वागावें, असें सारें बारकाईनें सांगितलेलें आहे. वरवर वाचणाऱ्यास ती नुसती ताकीद वाटेल. लाडाचा शब्द लिहिण्याची त्या बाईस संवय राहिली नव्हती. ज्यांना तो लिहावा, ते तिघेहि गेले होते. आजी गंगापुरास आणि नातू पुण्यास. मधलें अंतर तिनें असें त्याच्या उठण्याबसण्याच्या वेळा ठरवून भरून काढलें.